ओ राहिली ओठी

कल्याणच्या कचेरीत हरिहर टिपणीस नक्कल-कारकून होता. दुसऱ्यांच्या जबान्या, पंचनामे, निकाल सुवाच्य अक्षरात उतरवून द्यायचे, खाली 'बरहुकूम नक्कल' असं लिहायचं आणि सही करायची. काना-मात्रेचा फरक चालत नसे. हे काम त्याने इतकं चोख केलं होतं की मामलेदार बदलून गेले तरी हरिहरचं टेबल हललं नाही.

घरी मात्र तो स्वतःचे शब्द लिहायचा. पारनाक्याजवळच्या दोन खोल्यांत संध्याकाळी पेटी निघायची. गाणी त्याचीच, चालीही त्याच्याच. आवाज फार मोठा नव्हता, पण त्याला एक ओल होती. हळदीकुंकवाला, गणपतीत, एखाद्या वाचनालयाच्या वार्षिकोत्सवात लोक त्याला बोलवत, कौतुक करत आणि घरी जाईपर्यंत गाणं विसरत. हे विसरणं त्याला लागायचं. बायको सरोज म्हणायची, "अहो, गाताना बरं वाटतं ना तुम्हाला? मग झालं तर." त्याला तेवढ्यावर कधी बरं वाटलं नाही.

पन्नास सालच्या भाद्रपदात खाडीत एक होडी उलटली. पलीकडच्या बाजाराला गेलेली माणसं भरतीच्या वेळी परत येत होती. पाच जणं गेली. चौकशी झाली, जबान्या झाल्या आणि होडीवाल्याच्या वकिलाने त्यांच्या नकला मागितल्या. कागद हरिहरच्या टेबलावर आले.

चौथी जबानी रतन नावाच्या बाईची होती. कोपरच्या बाजूला खाडीकाठी तिचं गाव. सोळा वर्षांची मुलगी, शेवंती, त्या होडीत होती. बाई तिला उतरवून घ्यायला धक्क्यावर येऊन उभी होती. जबानी लिहून घेणाऱ्याने बाईची बोली पुसून कचेरीची भाषा केली होती, तरी एका जागी हरिहरचा टाक थांबला. 'मुलीने पाण्यातून मला हाक मारली. मी ओ दिली. ती तिच्यापर्यंत पोहोचली किंवा कसे, हे मला सांगता येत नाही.'

त्याने नक्कल पुरी केली. घरी आला, जेवला, पण ते वाक्य पाठ सोडेना. तीन दिवसांत गाणं झालं. चौथ्या दिवशी त्याने ते सरोजला म्हणून दाखवलं.

*पाण्यावरून हाक आली, सांज कलली काठी,*
*ओ दिली ना मायेने गं, ओ राहिली ओठी.*

सरोज तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला. डोळे भरून आले होते. तिने विचारलं, "त्या बाईनं ओ दिली नव्हती?"

"दिली होती."

"मग?"

"गाण्यात नाही दिली," हरिहर म्हणाला. "अगं, ओ दिली म्हटलं की गाणं तिथंच संपतं. ओठावर राहिली म्हटलं की काळजात घुसतं. काठी-ओठी, यमकही बघ कसं आपसूक आलंय."

सरोजने निवडलेले तांदूळ सुपात ओढले. सूप उचलून आत गेली.

ते गाणं लोक विसरले नाहीत. एका वर्षात ते रेडिओवर गेलं, पुढच्या वर्षी त्याची रेकॉर्ड निघाली. निवेदक सांगायचा, 'कल्याणच्या खाडीतल्या सत्य घटनेवरचं हे हृदयस्पर्शी गीत.' तसं हरिहरनेच त्याला सांगितलं होतं. ठाणे, डोंबिवली, शहाड, कुठेही मांडव पडला की कर्ण्यावर ते गाणं लागायचंच. कचेरीत अनोळखी पक्षकार नक्कल घ्यायला येत आणि नाव वाचून विचारत, "ते 'ओ राहिली ओठी'वाले टिपणीस आपणच का?" हरिहर हसून मान हलवायचा. आयुष्यात पहिल्यांदा त्याचे शब्द त्याच्या अक्षरापेक्षा मोठे झाले होते.

त्रेपन्नच्या गणेशोत्सवात ठाण्याला कार्यक्रम होता. मंडपात बसायला जागा नव्हती. 'हाक आली' या शब्दांवर हरिहर क्षणभर थांबला आणि त्या थांबण्यात मागून, बायकांच्या बाजूने, एक जाड, खारट आवाज आला.

"मी ओ दिली व्हती!"

माना वळल्या. कुणीतरी "शूः" केलं. हरिहरने चाचपडत ओळ पुरी केली. कार्यक्रम संपल्यावर तो मागे धावत गेला, पण तिथे फक्त गुंडाळलेल्या सतरंज्या होत्या. स्वयंसेवक म्हणाला, खाडीकडच्या बायका होत्या, कधीच्या निघून गेल्या.

त्यानंतरचा कार्यक्रम कल्याणला होता. 'हाक आली' म्हटलं आणि मागून ओ आली. हरिहरने पाहिलं. या वेळी इतर कुणाचीच मान वळली नव्हती; मागे कुणी बाई नव्हती, नुसती भिंत होती. मग ती प्रत्येक ठिकाणी येऊ लागली. कधी लांबून, पाण्यावरून आल्यासारखी, कधी अगदी कानापाशी. ती येऊन जाईपर्यंत त्याच्या तोंडून पुढचा शब्द फुटेना. लोकांना वाटलं, ही त्याची नवी अदा. एका वर्तमानपत्राने तर लिहिलं, 'श्री. टिपणीस यांचे ते मौन गाण्याहून बोलके आहे.' सरोजने कात्रण वाचून त्याच्या हातात दिलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

नवीन गाणं तर होईचना. चांदण्यावर लिहायला बसावं, तिसऱ्या ओळीत खाडी यायची. लेकीच्या सासरी जाण्यावर लिहावं, तर काठावर तीच बाई उभी. कचेरीत नकला करताना पहिल्यांदाच त्याच्या चुका होऊ लागल्या.

एका रविवारी सकाळी सरोजनेच त्याची छत्री दाराशी आणून ठेवली. "जाऊन या तिच्याकडे," ती म्हणाली. "मलाही त्या गाण्याची आता भीती वाटते."

डोंबिवलीला उतरून तो मिठागरांच्या बांधावरून चालत गेला. रतनचं घर विचारल्यावर लोक आधी त्याच्या धोतराकडे बघत, मग बोट दाखवत. एक म्हातारी म्हणाली, "धवलारीन ना? आता गात नाय ती." लग्नात धवले गाणारी, स्वतः जोडून गाणारी, अशी ती पंचक्रोशीत नावाजलेली होती. हरिहरला हे ठाऊकच नव्हतं. जबानीत 'धंदा – मोलमजुरी' एवढंच होतं.

रतन अंगणात सुकट वाळत घालत होती. वय चाळिशीचं, हात काळेभोर, पाठ ताठ. त्याने नाव सांगितलं. तिने वर पाहिलं नाही.

"गानंवाला," ती म्हणाली. "बस."

तो ओट्याच्या कडेला बसला. चालता चालता जुळवलेलं सगळं विसरला होता. "मी कचेरीत तुमची जबानी वाचली होती," तो म्हणाला. "तुम्ही ओ दिलीत, हे मला माहीत होतं. मी बदललं."

"का?"

"गाण्याला बरं पडत होतं."

रतनने सुकटाची टोपली खाली ठेवली. "मी पन गानी जोरते," ती म्हणाली. "नवरीचं नाक नकटं असलं तरी चाफेकली बोलते. पन बाप मेला असंल तर जिता नाय बोलत."

हरिहरने मांडीवरची छत्री खाली ठेवली.

"गावान हलद व्हती. तुजं गानं लागलं. बाया मना इचारतान, रतने, ओ नव्हती दिली गो तू? मी बोलली, दिली व्हती. त्या बोलल्या, मंग गान्यान कसं?" ती थांबली. आवाज उतरला. "पयला राग आयला. ठान्याला त्या रागानंच आयलेली. पन आता निजली का तुजंच गानं आयकू येतं. माजी शेवंती हाक मारते, 'बये!' आनं मी उभी. तोंड उघरते, आवाज नाय. आता मना पन कदी कदी वाटतं, दिलीच नसंल. मानसानं काय खरं धरायचं सांग, आपल्याला आठवतं तं, का सगली दुनिया गाते तं?"

परत येताना हरिहर बांधावर दोनदा बसला. त्या बाईपाशी लेकीचं शेवटचं म्हणून एक ओ होती, तीही त्याने यमकासाठी उचलली होती.

सोमवारी त्याने रीतसर अर्ज करून दप्तरातून ती जबानी काढली आणि नोकरीतली सगळ्यात जपून नक्कल केली. पुढच्या रविवारी ती घेऊन गेला. रतनला वाचता येत नव्हतं. त्याने वाचून दाखवली. 'मी ओ दिली.'

"परत वाच."

त्याने परत वाचलं.

"त्याला अंगठा माजाच ना?"

"तुमचाच. मूळ कागदावर, घटनेनंतर चौथ्या दिवशी दिलेला. तेव्हा गाणं नव्हतं."

तिने आणखी तीनदा वाचून घेतलं. दर वेळी त्या एका वाक्याला ती डोळे मिटायची. मग कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. "जा आता," ती म्हणाली. "आनं परत येऊ नको. तुजा आवाज मना ठाव झालाय, तो नको मना."

हरिहरने ओळ बदलली. 'ओ दिली गं मायेने, पण वाऱ्याने नेली पाठी.' ती ओबडधोबड झाली होती, हे त्याला कळत होतं. कल्याणच्या कार्यक्रमात त्याने ती म्हटली, तेव्हा आधी कुजबुज झाली. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा सगळ्या सभागृहाने, प्रेमानेच, त्याला आठवण करून द्यावी तशी जुनी ओळ म्हटली. चारशे माणसं एका सुरात. 'ओ राहिली ओठी.' त्याची ओळ त्यात कुणाला ऐकूच गेली नाही. त्याने पेटीचा भाता बंद केला आणि पुन्हा जाहीर कार्यक्रम घेतला नाही. रेकॉर्ड मात्र वाजतच राहिली.

रतन पुढे धवले गायला लागली, असं त्याला मिठागरावरच्या एका पक्षकाराकडून कळलं. पूर्वीसारखं नाही, पण गाते, एवढंच तो म्हणाला. हरिहरने जास्त विचारलं नाही.

अठ्ठावन्न साली त्याची ठाण्याला बदली झाली. शेजारची चित्रा, अकरा वर्षांची, गोड गळ्याची, एक दिवस हट्टच धरून बसली. "काका, ते तुमचंच आहे ना? मग तुम्हीच शिकवा." त्याने शिकवलं, बदललेल्या ओळीसकट.

"पण रेकॉर्डवर असं नाहीये, काका."

"रेकॉर्डवर चुकलंय," तो म्हणाला.

तिने विश्वासाने तसंच घोटलं. शाळेच्या स्नेहसंमेलनाला हरिहर आणि सरोज तिसऱ्या रांगेत बसले होते. चित्राने 'हाक आली'पर्यंत सुरेख म्हटलं, पेटीवरच्या बाईंकडे एकदा पाहिलं आणि रेकॉर्डवरचीच ओळ गायली. बाईंनी चूक सुधारून घेतली होती. टाळ्या पडल्या. सरोजने हरिहरकडे पाहिलं. तो टाळ्या वाजवत नव्हता. मान किंचित तिरपी करून, दाराबाहेरच्या उन्हातून ओ येते का, तिकडे कान देऊन बसला होता.