हेडफोनमधली हाक

माझी सगळी नोकरी दगड आणि पाणी तपासण्यात गेली. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाच्या निमित्ताने उठून जातो — अजूनही. हा प्रकार आजवर फक्त बायकोला सांगितला होता. इथले अनुभव वाचून वाटलं, आपणही लिहून टाकावं...

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा उन्हाळा. मी पुण्यात बी.एस्सी.ला, विषय जिऑलॉजी. गाव मिरजगावच्या जवळ. आई लहानपणीच गेलेली, घरी बाबा एकटे — मिशनच्या शाळेतले रिटायर मास्तर. ठिकठिकाणच्या कॉलेजांतल्या काही मुलांना शिकण्यासाठी संशोधनाच्या जहाजावर नेणार होते, त्यात माझी निवड झाली. बाबांना एकटं सोडायचं जिवावर आलं होतं. ते म्हणाले, "जा तू. हितं काय हाय? पानी न्हाई, मानूस न्हाई." खरंच होतं. निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेलं.

जहाजावर मी फार एकटा पडलो. बाकीची मुलं बंदराच्या शहरांतली, फाडफाड इंग्रजी बोलणारी. समुद्राच्या तळाचा गाळ काढायचा, पाण्याचा खारेपणा मोजायचा... कामापुरतं बोलणं व्हायचं. जेवणं झाली की ते पत्ते कुटायला बसत, मी डेकवर जाऊन उभा राहायचो. चारी बाजूंना पाणीच पाणी, आणि आमच्याकडे लोक एका हंड्यासाठी वणवण करतायत. हे सांगायचं कोणाला?

एका रविवारी दुपारी सरांनी इंजिन बंद करायला लावून पाण्यात माइक सोडला. समुद्राच्या आत काय ऐकू येतं ते आम्ही पाळीपाळीने हेडफोन लावून ऐकायचं. फोडणीतल्या मोहरीसारखा तडतडाट होता. सर म्हणाले, "ही कोळंबी."

माझी पाळी आली. तोच तडतडाट. मग दगडावर वाटी खरवडल्यासारखा आवाज. कोणीतरी खोकलं. आणि अगदी कानाशी — "दान्या, जेवला का रं?"

बाबा. आवाज फार थकलेला.

मी घाबरलो नाही, खरं सांगतो. इतक्या दिवसांत मला कोणी हे विचारलंच नव्हतं. आपसूक तोंडातून गेलं, "जेवलो बाबा. भात आणि मासा. तुम्ही जेवला का?"

शेजारी नायर नावाचा मुलगा होता. "किससे बोल रहे हो?" म्हणत त्याने हेडफोन घेतला. त्याला फक्त कोळंबी ऐकू आली. मी परत लावला — मलाही तेवढंच.

भास, असं ठरवून मी गप्प बसलो.

जहाजावरून उतरल्यावर घरी गेलो. बाबा निम्मे झाले होते. संध्याकाळी ओट्यावर बसलो असताना ते म्हणाले, "जहाजावर रोज मासाच देत्यात का रं? भाताबरूबर?"

जेवणाबद्दल मी त्यांना काहीच कळवलं नव्हतं. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तूच की." मग थांबत थांबत बोलले. विहीर आटली होती. तळाशी उतरायचं, झऱ्याला पाणी साचेपर्यंत बसायचं, वाटीवाटीनं घागर भरायची. "एकटा मानूस... बसल्या बसल्या तुझ्याशी बोलायचो. त्या रविवारी वर यावंसंच वाटंना. म्हनलं, कुनासाठी चढायचं? तसाच बसलो. मग तू बोलला. मला इचारलं, तुमी जेवला का. म्हनलं, पोरगं जेवलंय, आता आपनबी चार घास खावं... आन आलो वर."

त्यानंतर बाबा बरीच वर्षं जगले. दोघांनीही तो विषय पुन्हा काढला नाही.

पाण्यातून आवाज लांबवर जातो, हे मी पुढे शिकलो. नकाशे काढून बसलोही. पण आमच्या भागातलं पाणी सीनेतून, भीमेतून पूर्वेला जातं, बंगालच्या उपसागराला मिळतं. आमचं जहाज होतं अरबी समुद्रात... आणि त्या उन्हाळ्यात सीनेच्या पात्रात तर नुसती वाळू होती.