कुत्री भुंकतात तो किनारा

आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, तीस वर्षं एका छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात एकाच टेबलाला चिकटून आहेत. ज्यांच्या खिशाला मोठी हॉटेलं झेपत नाहीत आणि ज्यांना गर्दीचा उबग आलाय, असे लोक त्यांच्याकडे येतात. दाजी त्यांना असा समुद्रकिनारा शोधून देतात, जिथं घरगुती खोली स्वस्तात मिळते आणि दुपारभर दुसरा माणूस दिसत नाही.

परतलेल्या गिऱ्हाइकाला ते खोली कशी होती, जेवण कसं होतं असलं काही विचारत नाहीत. त्यांचा प्रश्न एकच. "उतरल्यावर कुत्री भुंकली का?" जिथं पर्यटकांची रीघ लागते, तिथली कुत्री परक्या माणसाकडे ढुंकूनही बघत नाहीत. भुंकली, म्हणजे किनारा अजून शाबूत आहे. उत्तर वहीत लिहिलं जातं. दोनदा ओळीनं 'भुंकली नाहीत' असं आलं, की त्या पानावर काट. आम्ही घरी या प्रश्नावरून त्यांची टर उडवायचो, पण किनारा निवडण्यात ते कधी चुकले नाहीत.

अर्ध्या शहराला समुद्र दाखवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या बायकोला मात्र कधी नेलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दरवर्षी दोन दिवस ते 'खोल्या बघायला' एकटे जायचे आणि आल्यावर ताईला सांगायचे, "तुला नेण्यासारखा अजून सापडला नाही. कुठं पायऱ्या फार, कुठं गर्दी फार." ताई बडबडी, पण यावर गप्प बसायची. यंदा तिच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ती मला म्हणाली, "त्याआधी एकदा पाण्यात उभं राहायचंय मला. माझ्या पायांनी, ह्यांच्याबरोबर. पुढचं कुणी बघितलंय?"

माझं डोकं फिरलं. मी लग्न केलं नाही, बारा वर्षं त्यांच्याच बाहेरच्या खोलीत राहतो, तेव्हा मला बोलायचा अधिकार आहे असं मी धरून चालतो. मी दाजींच्या ऑफिसात गेलो आणि ते चहाला उठलेले बघून त्यांच्या टेबलावरची वही चाळली. एका पानावर गावाच्या नावाखाली फक्त एवढंच होतं: 'कुत्री भुंकतात. पायऱ्या नाहीत. कुणाला पाठवू नये.' मला वाटलं, हा किनारा त्यांनी ताईसाठीच राखून ठेवलाय आणि न्यायला मुहूर्त सापडत नाहीये. मी तिथलीच तीन तिकिटं काढली आणि दाजींना ऐनवेळी स्टँडवर नेऊन उभं केलं.

बसवरची पाटी वाचून त्यांचा चेहरा पडला. "तिथं बघण्यासारखं काही नाही," ते म्हणाले. बसमध्ये पाच तास ते पुढच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले. ताई मात्र खिडकीतून दिसेल ते मोठ्यानं वाचून दाखवत होती.

शेवटच्या थांब्यावर उतरलो. समोर वाळू, पलीकडे समुद्र, माणूस एकही नाही. तेवढ्यात पाचसहा कुत्री भुंकत धावून आली. मी ताईच्या पुढं होऊन काठी उचलली. कुत्री मला वळसा घालून थेट दाजींकडे गेली आणि गप्प झाली. शेपट्या हलायला लागल्या. एका तांबड्या कुत्रीनं तर पुढचे पाय त्यांच्या शर्टावर ठेवले. दाजींचा हात सवयीनं खिशात गेला आणि वाटेत कधीतरी घेतलेला बिस्किटाचा पुडा घेऊन बाहेर आला.

मी काठी धरून तसाच उभा राहिलो. मग कुत्री वळली आणि ताईवर भुंकू लागली.

आवाज ऐकून खोलीवाली म्हातारी बाहेर आली. "यंदा लवकर आलात? थांबा, तुमची खोली झाडून देते," ती दाजींना म्हणाली. मग तिनं ताईकडे पाहिलं. "ह्या कोण?"

"माझी बायको," दाजी म्हणाले.

"अगंबाई. अकरा वर्षं येताय, घरी कुणी आहे असं कधी बोलला नाहीत."

ताईच्या हातातली पिशवी खाली पडली. मी दाजींची कॉलर धरायचाच बाकी होतो. "अकरा वर्षं? आणि हिला सांगत होता, सापडला नाही म्हणून?"

दाजी खाली बघत म्हणाले, "दिवसभर फोन असतो. घरी आलो की ही बोलते, तुम्ही बोलता, टीव्ही बोलतो. इथं मला कुणी काही विचारत नाही. दोन दिवस नुसता बसून राहतो. ठरवायचो, पुढच्या वर्षी हिला आणू. मग वाटायचं, आणलं की हेही संपलं."

हा माणूस ज्या गर्दीपासून पळून येत होता, ती गर्दी आम्ही होतो. मी होतो. रोज रात्री जेवताना त्यांच्या वहीची टर उडवणारा. मला लाज वाटली, आणि रागही तेवढाच आला होता.

ताईनं चपला काढल्या. "मला पाण्यापर्यंत न्या," ती त्यांना म्हणाली. दाजींनी तिचा दंड धरला. मी मागंच थांबलो. पन्नास पावलांना त्यांना पाव तास लागला आणि तेवढा वेळ कुत्री तिच्यावर भुंकत राहिली. गुडघाभर पाण्यात ते दोघं बराच वेळ उभे होते. ताई एक अक्षर बोलली नाही. तिला इतकं गप्प मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्या गप्प राहण्याची मला भीती वाटली.

परत येताना ती थांबली आणि तिनं दाजींपुढं हात पसरला.

"बिस्किटं द्या."

त्यांनी पुडा दिला. तांबडी कुत्री गुरगुरत दोन पावलं मागं सरली. ताईनं बिस्कीट वाळूवर ठेवलं आणि दाजींकडे न बघता म्हणाली, "दरवर्षी येणार आहे मी. बोलणार नाही, बसेन गप्प. पण ही मला ओळखेपर्यंत येणार."