पुस्तकावरची पाच नावं

नेवाशातल्या चर्चमागच्या वस्तीत कोणाच्या घरात नर्सिंगचं कोणतं पुस्तक आहे, हे मार्थामावशीला तोंडपाठ. स्वतः दवाखान्यात आया, शाळा सातवीत सुटलेली. पण त्या जाडजूड पुस्तकांवर तिचा अंमल जमादारासारखा. पुस्तक एका मुलीकडून दुसरीकडे गेलं, की नव्या मुलीनं पहिल्या पानावर नाव लिहायचं. न लिहिणारीला मावशी चहासुद्धा देत नसे.

यंदा कॉलेजनं पुस्तकं मोबाईलवर आणली. किंमत अशी, की पाच घरांनी मिळून एकच संच घेतला, मावशीच्या लेकीच्या, आराधनाच्या नावावर. नियमानं तो एकीनंच वापरायचा, पण तो पाचही मुलींच्या मोबाईलवर उघडला. वर्ष संपलं की पुस्तकही जाणार.

"म्हंजे भाड्याचं घर झालं की," मावशी म्हणाली. "तरी बरं, मालक दिसत न्हाई."

मालक दिसला तो परीक्षेच्या तोंडावर.

आराधना दळण आणायला गेली होती. मागं राहिलेला तिचा मोबाईल वाजला. पडद्यावर प्रश्न होता: हे पुस्तक आणखी कोण वापरतं? खाली रिकामी चौकट. मावशीला भरून आलं. चला, यालाही पहिलं पान आहे तर. चष्मा चढवून तिनं एका बोटानं पाचही मुलींची नावं लिहिली, बापांच्या नावांसकट, आणि बटण दाबलं.

आधी आराधनाचं पुस्तक बंद पडलं. मग समोरच्या घरातल्या स्नेहलचं. मग बाकीच्या मुलीही मोबाईल हातात धरून घराबाहेर आल्या. दुपारी कॉलेजातून पाचही घरांत फोन गेले: एका संचावर पाच नावं आली आहेत, उद्या पालकांना घेऊन या, तोवर परीक्षेचं प्रवेशपत्र मिळणार नाही.

स्नेहल दारात आली. आत आली नाही.

"आराधना, नावं तू दिलीस?"

"तिनं न्हाई, मी दिली," मावशी म्हणाली. "मला वाटलं, पुस्तकावर लिहितो तसंच..."

"मावशी, तुमाला साधा फोन उचलता येत न्हाई. लेकीसाठी खोटं बोलू नका."

"अगं, ह्या बोटानं लिवली."

"आमचे पप्पा म्हनतेत, सोता सुटायला चौघींना पकडून दिलं."

ती गेली. भर दुपारी समोरच्या दाराची कडी आतून लागली. मग शेजारच्या.

आराधनानं दळणाचा डबा आत ओढला.

"आई," ती म्हणाली, "उद्या कॉलेजात तू काई बोलू नको. तिथंबी कोनी खरं मानायचं न्हाई."