नवऱ्याची प्रॉक्सी

दुकानदाराने कॉम्प्युटर चालू केला, खाली वाकून कान लावला आणि अभिमानाने आमच्याकडे पाहिलं. "बघा काकी, येतोय काय आवाज? घरात मशीन चालू हाय हे कळायचं न्हाय तुम्हाला."

"ह्यांना तसंही कळत नाही," मी म्हटलं. "आवाजाचं सोडा, बाकीचं सांगा."

शेजारी उभ्या असलेल्या माझ्या नवऱ्याने जोरात मान हलवली. "व्हय, व्हय."

ह्या 'व्हय, व्हय'बद्दल आधी सांगायला हवं. आमचे हे पस्तीस वर्षं शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. मोल्डर म्हणजे वाळूचे साचे करणारा. त्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतलं की यंत्रांचे सुटे भाग तयार होतात. भोवताली दिवसभर हातोडे, ग्राइंडर आणि भट्टीचा ब्लोअर. त्यात कान गेले. एकदम नाही गेले. आधी कुकरची शिट्टी गेली, मग दारावरची बेल, मग माझा आवाज. माझा आवाज गेल्याचं त्यांना फार दुःख झालं असेल असं मला वाटत नाही.

सुरुवातीला ते "काय?" म्हणून विचारायचे. तीनदा विचारलं की समोरचा वैतागतो हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी विचारणंच सोडून दिलं. कोणी काहीही म्हणो, हे मान हलवणार आणि "व्हय, व्हय" म्हणणार. डॉक्टरांनी कानात घालायचं यंत्र दिलं होतं. ते आठवडाभर घातलं, "डोस्क्यात भांडी पडल्यागत हुतंय" म्हणाले आणि कपाटात ठेवून दिलं. मग जिथे 'व्हय' म्हणून भागत नाही तिथली उत्तरं मी द्यायला लागले. बँकेत मी, लग्नात मी, फोनवरही मीच. ते बरे आहेत, ते जेवले, त्यांना चहात साखर कमी घाला. नोकरीभर मी वर्गासमोर उभी राहून बोलत आले, त्यामुळे बोलण्याचा मला कधी कंटाळा नव्हता.

ते निवृत्त झाल्यावर फाउंड्रीच्या मालकांनी त्यांना आठवड्यातून दोन दिवस बोलावलं, नव्या कामगारांना शिकवायला. कामगार उत्तरेकडचे, हिंदी बोलणारे. साचा भरला की वाफ निघून जावी म्हणून त्याला बारीक सळीने भोकं पाडतात. ती नाही पाडली तर चालेल का, असं कोणीतरी विचारलं. ह्यांनी मान हलवली, "हां, हां." त्या दिवसाचा सगळा माल आतून पोकळ निघाला. मालक एका शब्दाने बोलले नाहीत, आणि तेच ह्यांना लागलं. दुसऱ्या दिवसापासून फाउंड्री बंद. मग कोपऱ्यावरच्या हॉटेलातला चहा बंद. मग भावकीतली लग्नं बंद. दिवसभर खुर्चीत बसून टीव्ही बघायचे, तोही आवाज बंद करून. मला भीती वाटायला लागली. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत घरातल्या घरात नाहीसा होतोय असं वाटायचं, आणि स्वयंपाक करता करता रडू यायचं.

तोडगा मालकांनीच काढला. ते घरी आले, ह्यांच्यासमोर कागद धरून त्यावर लिहिलं, 'येऊ नका. पण तुमच्या हातचं काम मोबाइलवर शूट करून द्या. बघून शिकतील.' ह्यांनी दोनदा वाचलं आणि तिसऱ्या दिवशी मागच्या दारी वाळूचं पोतं आणि दोन मोल्डिंगच्या पेट्या येऊन पडल्या. कॅमेरामन मीच. महिन्याभरात फोन भरून गेला. ते सगळं कापून जोडून एक सलग फिल्म करायची, तर घरात होता तो लॅपटॉप, ज्यावर मी प्रश्नपत्रिका काढायचे. त्याने पहिला व्हिडिओ उघडला आणि मान टाकली.

म्हणून हा कॉम्प्युटर. मी अकरावी-बारावीला अर्थशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे वही घेऊन पाच दुकानं पालथी घातली. रकाने आखले: प्रोसेसर, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, मॉनिटर. जे कळलं नाही ते विचारलं आणि उत्तर पटलं नाही तर पुन्हा विचारलं. एका दुकानदाराने तर मला लांबून बघूनच पाणी मागवलं.

आमच्या ह्यांची पद्धत वेगळी होती. ते खाली बसायचे, बोटाच्या पेराने कॅबिनेटवर टकटक करायचे, कडेवरून अंगठा फिरवायचे आणि निकाल द्यायचे, "पत्रा पातळ हाय."

"काका, पत्र्यात काय नसतंय, आतलं बघा की," दुकानदार ओरडून सांगायचा. ह्यांना ते ऐकू जायचं नाही. आयुष्यभर माल वाजवून आणि उचलून पारखलेला माणूस. काचेच्या बाजूंची, आत रंगीत दिवे असलेली मशीनं त्यांनी बघितलीसुद्धा नाहीत. "हे आकाशकंदील कशाला?" शेवटच्या दुकानात एक काळी, जाड पत्र्याची पेटी दोन्ही हातांनी उचलून त्यांनी मला दाखवली. "वजन बघ." डोळे तेवढे धड आहेत म्हणून मॉनिटर मोठा पाहिजे, हे मात्र मलाही पटलं. ठरवलेल्या पैशांत ही दोन्ही बसवायची म्हणजे व्हिडिओ सुरळीत चालवणारं ग्राफिक्स कार्ड गाळावं लागणार होतं, आणि प्रोसेसर एक पायरी खालचा.

"मोबाइलचं फोर-के शूटिंग हाय, जड जाईल बरं का," दुकानदार म्हणाला.

"व्हय, व्हय," हे म्हणाले.

त्या 'व्हय'ची किंमत माझ्याइतकी कोणाला माहीत असणार? तरीही मी पावती करायला सांगितली. ते इतक्या दिवसांनी खुशीत दिसत होते की मला मोडवेना.

घरी आणून लावलं. मोठ्या पडद्यावर त्यांचा हात वाळूवर जायचा आणि तिथेच अडकायचा. मग एकदम पुढचंच काहीतरी दिसायचं, पेटी भरलेली, सपाट केलेली. मधलं काम गायब, आणि शिकवायचं तर नेमकं मधलंच होतं. "उचकी लागलीया ह्याला," ते म्हणाले. दोन दिवस माउसशी झटापट केली. तिसऱ्या दिवशी सकाळी उठले, "न्हाय जमायचं" म्हणाले आणि टीव्हीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसले.

मला संताप आला. दुकानदाराचा, मशीनचा आणि सगळ्यात जास्त माझा. मी त्यांना हाताला धरून उठवलं आणि पुन्हा दुकानात नेलं.

दुकानदार नव्हता. आत मशीन जोडणारी बाई होती, तिशीतली, रोज हातकणंगल्याहून येणारी. हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली न ठेवताच तिने माझी सगळी तक्रार ऐकून घेतली.

"ग्राफिक्स कार्ड सवडीनं बसवूया काकी. पेटीत जागा चांगली हाय, पत्रा पण दणकट हाय. आत्ता प्रॉक्सी लावा, काम भागतंय."

"प्रॉक्सी?" माझा आवाज चढला. तीस वर्षं मी हजेरी घेतली होती. फळ्याकडे तोंड करूनही कोण कोणासाठी 'प्रेझेंट' म्हणतंय ते मी ओळखायचे. "माझ्या वर्गात प्रॉक्सी लावणाऱ्याला मी बाहेर उभं करायचे."

"म्हंजे मी तुमच्या वर्गात कायम बाहेरच असते की," ती हसून म्हणाली आणि मला समजावून सांगायला लागली. मूळ व्हिडिओ फार जड असतो. कॉम्प्युटर त्याची एक छोटी, हलकी नक्कल बनवून घेतो. कापायचं, जोडायचं काम त्या नकलेवर करायचं, म्हणजे अडकत नाही. शेवटी फिल्म तयार करताना प्रोग्रॅम आपणहून नक्कल बाजूला काढतो आणि त्या जागी मूळ व्हिडिओ बसवतो. "प्रॉक्सी कामापुरती असती काकी. फिल्ममधी खरा व्हिडिओच येतोय."

मग ती ह्यांच्याकडे वळली. "काका, एकेक व्हिडिओ केवढा हाय?"

"पाच-सात मिनिटांचा असेल," मी म्हटलं.

"काका, किती हायती असं सगळं?"

"चाळीसेक," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं. एक कोरी पावती घेतली, त्यामागे दोन्ही प्रश्न लिहिले आणि ह्यांच्या हातात दिली. त्यांनी चष्मा वर केला, वाचलं आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "चार मिनिटांच्या वर एकबी न्हाय. बासष्ट हायती. त्यातली अकरा टाकायची, तवा वाळू वली हुती."

शूटिंग मीच केलं होतं, तरी मला हे काहीच माहीत नव्हतं. बासष्ट, अकरा, ओली वाळू, काहीच नाही. कितीतरी वर्षं मी ह्यांची हजेरी लावत आले होते, तीही चुकीची, आणि खरा माणूस माझ्या शेजारी उभा होता. दुसऱ्यांच्या मुलांना ज्यासाठी मी वर्गाबाहेर काढलं, ते मी घरात रोज करत होते, आणि वर स्वतःला गुणाची समजत होते. मला तिथे, त्या वायरींच्या गुंत्यात, अतिशय लाज वाटली.

त्यानंतर रोज सकाळी चहा झाला की ते मशीनसमोर बसायचे. प्रॉक्सी लावल्यावर चित्र लोण्यासारखं सरकायला लागलं. व्हिडिओच्या खाली आवाजाचा आलेख दिसतो, त्यावर बोट ठेवून त्यांनी विचारलं, हे काय? मी लिहून दिलं, 'तुमचा आवाज.' ते त्या उंच डोंगरांकडे बघतच राहिले. "एवढा वरडतोय मी?" मग शेजारच्या डोंगराकडे बोट. तो माझा होता, आणि तोही काही टेकडी नव्हता.

एक दिवस ते एकाच ठिकाणी सारखे मागेपुढे करत होते. वाळू ठोकताना ती पुरेशी घट्ट बसली की ठोक्याचा आवाज बदलतो, शिकणाऱ्याला तो ऐकू आलाच पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. "आलाय का बघ." मी ऐकलं. मला सगळे ठोके सारखेच वाटले. "आलाय," मी ठोकून दिलं.

"तुला काय कळतंय," ते म्हणाले, उठले आणि कपाट उघडलं. कानातलं यंत्र शोधून काढलं, नव्या बॅटऱ्या आणायला स्वतः दुकानात गेले. ते घालून, भांडी पडल्यासारखा चेहरा करून, अर्धा तास तोच तुकडा ऐकत बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आलाय." मी आत जाऊन पोटभर रडले. आनंदाने.

फिल्म फाउंड्रीच्या ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत दाखवली. दहा-बारा कामगार जमिनीवर बसले होते. खाली हिंदीत ओळी होत्या, त्या मी लिहिल्या होत्या आणि ह्यांनी तीनदा बदलायला लावल्या होत्या. संपल्यावर मागच्या एका कामगाराने भराभर काहीतरी विचारलं. कानात यंत्र होतं, तरी ह्यांची मान हलायला लागली. सवयीने मी तोंड उघडलं.

हलणारी मान मध्येच थांबली. त्यांनी हात वर करून मला गप्प केलं आणि त्या कामगाराला म्हणाले, "सुनाई नहीं दिया. फिर से बोलो."

तो पुन्हा बोलला.

"और एक बार. धीरे."

तिसऱ्या वेळी तो उठून जवळ आला, भरलेली पेटी तशीच उलटी करण्याची हाताने खूण करून दाखवत बोलला. ह्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "नहीं. बिल्कुल नहीं. टूट जाएगा. चलो, दिखाता हूँ." आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून बाहेर साच्यांकडे निघाले. बाकीचेही ताटं तशीच ठेवून त्यांच्या मागून गेले.

ऑफिसात मी एकटीच उरले. मला कोणी काही विचारलं नव्हतं. मी डबा उघडला आणि निवांत जेवले.