तात्यांनी आत आणून दिलेलं पाणी

वाचनालयाची दारं उघडून मी नुकताच टेबलावर त्या दिवशीची वर्तमानपत्रं लावत होतो, तेवढ्यात आमच्या उंब्रजचा एक कंडक्टर दारात येऊन उभा राहिला. एरवी तो आत येतो, पंख्याखाली बसतो, सातारच्या स्टँडवरचा चहा किती पाणचट आहे ते सांगतो. त्या दिवशी तो उंबऱ्याच्या आत आलाच नाही. "सदाभाऊ, गणूतात्या गेलं," तो म्हणाला. "काल दुपारी. जेवून उठलं, पानाला चुना लावत हुतं, ते तसंच भितीला टेकलं..." गाडीची वेळ झाली म्हणून तो लगेच निघून गेला आणि मी खुर्चीत बसलो. ती खुर्ची मला तात्यांमुळे मिळाली होती. कशी मिळाली, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. तात्यांना जाऊन आता पाच आठवडे झाले. आता सांगायला हरकत नसावी.

गणूतात्या सांगलीतल्या एका मोठ्या संस्थेच्या मुख्य कचेरीत शिपाई होते. कचेरीत त्यांना गणपत म्हणत, उंब्रजात तात्या. काकी आणि मुलं गावी असायची. तात्या एकटेच सांगलीच्या गावभागात एका खोलीत राहत आणि शनिवारी संध्याकाळच्या गाडीने घरी येत. त्यांचं घर आमच्या घरासमोर, मधे फक्त गल्ली. कचेरीत मुलाखती असल्या की आत साहेबलोक बसत आणि दाराबाहेर स्टुलावर तात्या. नाव पुकारायचं आणि उमेदवाराला आत सोडायचं, एवढंच त्यांचं काम. पण आत सोडण्याआधी ते प्रत्येकाला स्वतःच्या पितळी पेल्यातून पाणी देत. हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. कचेरीत काचेचे ग्लास होते, पण ते साहेबांसाठी. कोरड्या घशाने आत गेलेल्या माणसाला स्वतःचं नावसुद्धा धड सांगता येत नाही, हे तात्यांनी कित्येक वर्षं दाराबाहेरून ऐकलं होतं. उमेदवार कोण, कुठला, हे त्यांनी पाणी देताना कधी विचारलं नाही. पेला त्यांना लग्नात मामांनी दिलेला होता आणि भांड्यांवर घालतात तसं त्यावर नाव घातलेलं होतं: 'चि. गणपत यास मामाकडून, उंब्रज.'

दुष्काळ नुकताच सरला होता. शिकलेली पोरं पुष्कळ होती, जागा थोड्या होत्या, आणि मुलाखतीत काय काय विचारतात याच्या गोष्टी कराडपासून मिरजेपर्यंत एस.टी.तून फिरत होत्या. कुणा एकाला म्हणे विचारलं, "जिना चढून वर आलात ना, मग पायऱ्या किती?" झालं. उंब्रजची सगळी पदवीधर पोरं पायऱ्या मोजायला लागली. देवळाच्या, पोस्टाच्या, नदीच्या घाटाच्या. घाटाच्या पायऱ्यांवरून तर दोघांची जुंपली, कारण एकाने पाण्याखालची पायरीही धरली होती. मीही त्यांतलाच. तात्या ओट्यावरून ओरडत, "आरं, खाली मुंडी घालून पायऱ्या मोजत आलास, तर वर कोण बसलंय त्ये कवा बघशील?"

माझी अडचण वेगळी होती. मी बी.ए. झालो होतो, वाचलंही बरंच होतं, पण समोर तीन माणसं बसली की माझी वाचा जायची. तीन मुलाखतींतून मी असा परत आलो होतो. चौथी जागा आली ती संस्थेच्या सातारच्या वाचनालयात मदतनिसाची. वयाची मर्यादा संपायला चार महिने उरले होते. वडिलांनी सांगून ठेवलं होतं, "ह्ये बी न्हाई जमलं, तर गुमान उसाला पाणी पाजायचं." मला उसाचा राग नव्हता. पण दिवसभर पुस्तकांत बसण्याचा पगार मिळू शकतो, हे कळल्यापासून मला दुसरं काही सुचत नव्हतं. मुलाखती सांगलीच्या मुख्य कचेरीत होत्या. म्हणजे तात्यांच्या दारात.

आदल्या दिवशी दुपारीच मी त्यांच्या खोलीवर पोचलो. खोलीत खुर्ची एकच. तिच्यावर मला बसवून तात्या आळीपाळीने ट्रंकेवर, उपड्या बादलीवर आणि खिडकीत बसले आणि तिन्ही साहेब झाले. एक साहेब अर्जच वाचत राहतात, मान वर करत नाहीत. दुसरे प्रश्न विचारून उत्तराच्या मधेच दुसरा विचारतात. मधले मोठे साहेब काही न बोलता नुसतं बघत बसतात. "त्येंला भ्यायचं न्हाई," तात्या बादलीवरून म्हणाले. "तुला वाटतं सायेब इचार करत्यात. न्हाई रं, त्येंची सुपारी चाललेली आसती." मी हसलो. गप्प बसावं लागलं तर हात गप्प ठेव, त्यांनी सांगितलं. येत नसेल तर येत नाही म्हण, पण तोंड वर करून. मला धीर आला आणि त्या धीरात मी चूक केली. "तात्या, एखादा तरी प्रश्न सांगा की. तुम्ही ऐकता सगळं."

तात्या बादलीवरून उठले. "दाराभाईर बसायचा पगार घेतो मी. आतलं भाईर आणायचा न्हाई." थोडा वेळ ते स्टोव्हला पंप मारत राहिले. मग पाठमोरेच म्हणाले, "आन् उद्या आत मी तुझा कुणी न्हाई. मला बघून हसायचं बी न्हाई. वळख दिसली तर तू बी घरी, मी बी घरी."

दुसऱ्या दिवशी कचेरीचा जिना चढताना मी पायऱ्या मोजल्याच. सव्वीस होत्या. दारात तात्यांनी अनोळखी चेहऱ्याने मला पाणी दिलं आणि आत सोडलं. पहिले दोन-तीन प्रश्न ठीक गेले. मग मोठ्या साहेबांनी विचारलं, "समजा, माझ्यासारख्याच कुणी वाचनालयातलं पुस्तक नेलं आणि परत दिलंच नाही. काय कराल?" मागेन म्हणावं तर उद्धटपणा, सोडून देईन म्हणावं तर मग मदतनीस कशाला हवा... माझी वाचा गेली. सुपारी चालू होती. मी हात तेवढे गप्प ठेवले होते. तेवढ्यात दार उघडून तात्या साहेबांचा चहा घेऊन आले. तीन कप त्यांनी टेबलावर ठेवले आणि ट्रेमधला पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. पितळी पेला. मुलाखत चालू असताना उमेदवाराला त्यांनी कधीच पाणी आणून दिलं नव्हतं. माझी वाचा गेलेली त्यांना दाराबाहेर ऐकू आली होती, आणि एवढ्या वर्षांचा शहाणा माणूस तेवढ्या एका क्षणापुरता विसरला की त्या पेल्यावर काय लिहिलंय.

मी पाणी प्यायलो. पेला खाली ठेवला तसा मोठ्या साहेबांनी तो उचलला, फिरवून वाचला आणि माझ्या अर्जाकडे पाहिलं. "उंब्रज," ते म्हणाले. "तुम्हीही उंब्रजचेच. या गणपतला ओळखता का?"

तात्या रिकामा ट्रे छातीशी धरून उभे होते. माझ्याकडे बघत नव्हते.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "उंब्रज मोठं गाव आहे."

तात्यांची नोकरी वाचावी म्हणून मी तसं म्हणालो, असं मी पुढे स्वतःला पुष्कळदा सांगितलं. ते थोडं खरंही आहे. पण त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं होती. साहेबांनी पेला खाली ठेवला. "बरं, पुस्तकाचं राहिलं." मग मात्र मी बोललो. म्हणालो, की मी दर आठवड्याला त्यांच्या घरी जाईन आणि वाचून झालं का, एवढंच विचारेन. वाचत असतील तर थांबेन. नुसतं ठेवलं असेल तर माझ्या येण्याचा त्यांनाच कंटाळा येईल. साहेब हसले. तात्या पेला उचलून बाहेर गेले.

संध्याकाळी खोलीवर त्यांनी पिठलं केलं. मी मान वर करू शकत नव्हतो. भाकरी वाढता वाढता ते म्हणाले, "न्हाई लय बारीक म्हणलास, गड्या. पुन्यांदा कुणी इचारलं, तर जरा मोठ्यानं बोलत जा." ते चिडवत होते की आणखी काही... मला तेव्हा कळलं नाही, आजही नक्की सांगता येत नाही.

नेमणुकीचं पत्र आलं तेव्हा मी कंदी पेढे घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. "तात्या, त्या दिवशी मी..." एवढंच बोललो, तर त्यांनी माझ्याच पुड्यातला पेढा माझ्या तोंडात कोंबला. "आदी खा." निवृत्त झाल्यावर ते गावी आले आणि ओट्यावर उपडी बादली ठेवून पोरांना मुलाखती शिकवू लागले. सातारला आले की वाचनालयात डोकावत, कपाटांवरून हात फिरवत आणि विचारत, "सायेबानं पुस्तक दिलं का रं परत?" त्या एका शब्दाबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही. माझ्या मनात ते बोलणं कायम तयार असे, पाठ केलेल्या उत्तरासारखं. पण विचारणारा माणूस प्रश्नच विचारत नव्हता.

तेराव्याला मी उंब्रजला गेलो. मंडपात माणसं दाटीने बसली होती. काकी पाणी देत फिरत होत्या. मला पाणी दिलं ते त्याच पेल्यात. मुद्दाम दिलं की हाताला तोच लागला, मी विचारलं नाही. घासून घासून 'मामाकडून' पुसट झालं होतं, 'उंब्रज' मात्र वाचता येत होतं. शेजारी तात्यांचे कुपवाडचे व्याही बसले होते. मी त्यांना नवा. बोलायला काहीतरी हवं म्हणून त्यांनी सहज विचारलं, "पाव्हणं, तात्यांची आन् तुमची वळख हुती का?"

मी आधी पाणी प्यायलो. पेला खाली न ठेवता हातातच धरला.

"होय," मी म्हणालो. सगळा मंडप वळून माझ्याकडे पाहू लागला, तेव्हा माझ्या लक्षात आलं, की मी फारच मोठ्याने बोललो होतो.