मिरवणुकीच्या पुढे

बीडच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली तेव्हा माझ्या बॅगेत इंजिनिअरिंगची पुस्तकं होती आणि टॉवेलात गुंडाळलेल्या वाजवायच्या दोन काठ्या. काठ्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, दिसल्या. अण्णा नांदूरघाटचे मोठे शेतकरी, जिल्हा परिषदेचे माजी सदस्य. 'माजी' हा शब्द ते अशा रुबाबात उच्चारत, की आजी सदस्यांना न्यूनगंड यावा. खिडकीशी येऊन ते एवढंच म्हणाले, "वाजवणारे आपल्यापुढं चालत्यात, आपण मागं. तुला पुढं जायचं कावून?"

उत्तर सुचायच्या आत गाडी हलली. तसं ते मला अठरा वर्षं सुचलं नाही.

गावचे हलगीवाले सोपानकाका यांच्या अंगणात तेलाचा डबा पालथा घालून मी ताल शिकलो होतो. पुण्यात पुस्तकं मागे पडली, एका बँडमध्ये ड्रम वाजवायला मिळाले, आणि बँडमागून मी जर्मनीत हॅम्बुर्गला पोचलो. तिथे आम्ही वाजवतो त्याला पंक म्हणतात. म्हणजे काय, असं आईनं फोनवर विचारलं. मी म्हटलं, आरतीच, पण रागानं आणि दुप्पट वेगात. ती म्हणाली, "मग देव पळून जाईल की रं."

आमची गाणी दीड मिनिटाची. तेवढ्यात सरकार, बाजार आणि गायकाचं बालपण, तिघांचा निषेध उरकायचा असतो. या बंडाची तालीम रविवारी मात्र बंद. शेजाऱ्यांच्या विश्रांतीत व्यत्यय आलेला चालत नाही.

व्हॅनमधून एका शहरातून दुसऱ्या शहरात जाताना दुपारी पेंग येते. बाहेर गहू असतो की आणखी काही, कुणास ठाऊक. अर्धवट मिटलेल्या डोळ्यांत त्याची आमची ज्वारी होते, कणसांवर पाखरं उतरतात आणि बांधाशी सोपानकाका जाळावर हलगी शेकत बसलेले दिसतात. तुमच्यापैकी जे गाव सोडून गेलात त्यांना हे माहीत असेल. जे राहिलात त्यांना सांगतो, आम्ही रोज दुपारी येऊन जातो.

अण्णांनी मला वाजवताना एकदाही ऐकलं नव्हतं. व्हिडिओ पाठवला की दोन निळ्या खुणा उमटत आणि बोलणं बोअरच्या पाण्याकडे वळे.

मागच्या हिवाळ्यात गावानं माझा सत्कार ठरवला. फ्लेक्सवर 'जागतिक कीर्तीचे ढोलवादक' असं लिहून तेरा नेत्यांचे फोटो होते. चौदावा, खालच्या कोपऱ्यातला, माझा. वाजवण्याचा कार्यक्रम नव्हता. सत्कारमूर्तीला ते शोभत नाही म्हणे. वेशीपासून शाळेपर्यंत मिरवणूक निघाली. पुढे सोपानकाकांची हलगी, मागे फेटे बांधलेले मी आणि अण्णा, अण्णांच्या हातात काठी.

पारापाशी काका थांबले. हलगी त्यांनी माझ्यापुढे धरली, पण पाहिलं अण्णांकडे.

"अण्णा, देऊ का पोराला?"

कुठल्याही स्टेजवर मी इतका घाबरलेलो नाही.

अण्णांनी फेटा सारखा केला. "दे की. भाषणं काय, हायतीच नंतर."

मी पुढे झालो आणि सवयीनं सुटलोच. माणसं मागे राहिली, फेटा कानावर आला, पोरं हसायला लागली. तेवढ्यात मागून हाक आली, "आरं दमानं! गुडघा हाय माझा."

मी वेग निम्म्यावर आणला, मग आणखी उतरवला. मागे काठी टेकल्याचा आवाज येत होता, एक ठोका पक्का, पुढचा जरा उशिरा. तो उशीर धरून मी वाजवत राहिलो. वळून पाहिलं नाही. शाळा मात्र फार लवकर आली.

हॅम्बुर्गला परतल्यावर पहिल्याच तालमीत आमची गिटारवाली वैतागली, गाणं रेंगाळतंय म्हणाली. मी म्हटलं, मागे माणसं चालतायत. तिनं वाकून पाहिलं. बँडमध्ये ड्रमर सगळ्यांच्या मागे बसतो. माझ्या पाठीशी नुसती भिंत होती, पण काठीचा तो उशिरा पडणारा ठोका मला तिच्यामागून ऐकू येत होता. घर कुठं, असं आता कुणी विचारलं तर मी त्या भिंतीकडे बोट दाखवतो.