ओटीतली कवडी

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या साली यवतमाळातल्या माझ्या रेकॉर्डिंगच्या खोलीत एक बाई आली. आर्णीकडून एसटीनं आलेली, नखांभोवती बोंडांचे ओरखडे. येशूवर स्वतः रचलेलं गाणं तिला यूट्यूबवर टाकायचं होतं. "पयलंच हाय," म्हणाली. नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं.

चपला दाराबाहेर काढून, डोक्यावर पदर घेऊन ती माइकसमोर उभी राहिली. कीबोर्डचा ठेका नको म्हणाली. डोळे मिटून गाऊ लागली, तसे तिचे दोन्ही हात आळीपाळीनं पुढे जाऊन ओटीकडे परतू लागले. ती कापूस वेचत होती. गाण्याचा ठेका तोच होता.

"कवडीबी टाकली नाही तू, ओटीत घेतलं मले."

कवडी म्हणजे अळीनं नासवलेला, डागी कापूस. ओळ मला भिडली. तरी सवयीनं बोललोच, "बाई, 'मले' नको, 'मला' म्हणा. गाणं दूरवर जाईल."

तिनं निमूटपणे 'मला' म्हणून पाहिलं. हात हवेतच थांबले.

"भाऊ, वावरात रोज त्याच्यासंग बोलनं होते, ते 'मले'तच. आज 'मला' म्हटलं, त तो वळखन का मले?"

पुण्याला शिकायला गेलो तेव्हाच मी माझी वऱ्हाडी जिभेवरून खरवडून काढली होती. मी हेडफोन कानांवर चढवला.

"म्हना बाई," माझ्या तोंडून निघालं, "मी आयकून राह्यलो."